बहुक्रीडा स्पर्धा भरवताय? आधी वेळापत्रक, मग बांधकाम

यजमानपद मिळालं की सगळ्यांना नवं स्टेडियम हवं असतं. त्याआधी तासागणिक वेळापत्रक मांडा. कोणत्या खेळाच्या फेऱ्या कधी, हे ठरल्यावरच मैदानं, बस आणि पंच किती लागतील ते कळतं. असलेली मैदानं दुरुस्त करा, उरलेली गरज तात्पुरत्या स्टँडवर भागवा. लंडनने २०१२ साली बास्केटबॉलचं अख्खं सभागृह स्पर्धेनंतर काढून टाकता येईल असंच उभारलं होतं. १९७६च्या ऑलिंपिकचं कर्ज फेडायला माँट्रियलला ३० वर्षं लागली, हेही विसरू नका.

जलतरण तलावाच्या मापात चूक झाली तर ती नंतर सुधारणं फार अवघड. दोन्ही टोकांना टायमिंगचे टच पॅड लागतात, प्रत्येक सुमारे १ सेंटिमीटर जाड. तलाव नेमका ५० मीटर बांधलात तर पॅड लावल्यावर ४९.९८ उरतो आणि तिथला एकही विक्रम मान्य होत नाही. म्हणून लांबी ५०.०२ धरा. टाइल्स बसल्यावर प्रत्येक लेन सर्व्हेयरकडून मोजून घ्या, कारण खरी गडबड टाइलखालच्या मसाल्यात होते.

१०० मीटर शर्यतीचं वारामापक पहिल्या लेनच्या बाजूला, अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, १.२२ मीटर उंचीवर ठेवतात. त्याच्या आसपास जाहिरातीचे फलक उभे करू देऊ नका. वारा अडला की नोंद चुकते.

बसचालकांना नकाशा देऊन भागत नाही. १९९६ साली अटलांटात बाहेरगावचे चालक रस्ते चुकले आणि खेळाडू खोळंबले. प्रत्येक चालकाने आपला मार्ग, स्पर्धेच्याच वेळेला, निदान दोनदा चालवलेला हवा.

उत्तेजक चाचणीला किमान ९० मिलिलिटर लघवी लागते. मॅरेथॉन धावून शरीर सुकलेल्या खेळाडूला तेवढ्यासाठी कधीकधी दोन-तीन तास बसावं लागतं, तोवर संघाची बस निघून जाते. त्याच्यासाठी वेगळी गाडी आणि सीलबंद पाणी राखून ठेवा. बिचारा थकलेला असतो, त्याची आबाळ होऊ नये.

प्रत्येक मैदानावर चाचणी स्पर्धा घ्या आणि ती चालू असताना मुद्दाम मेन स्विच पाडा. जनरेटरला भार उचलायला काही सेकंद लागतात; टायमिंगच्या संगणकाला यूपीएस नसेल तर तेवढ्यात शर्यतीचा निकाल जातो.