हॉस्टेलचे पैसे कधी लागतात?

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातून मुंबईला शिकायला निघाले, तेव्हा अण्णांनी दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर माझा खर्च मांडून दिला होता. कॉलेजची फी, हॉस्टेलचं भाडं, मेसचा अंदाज. बेरीज अगदी बरोबर होती. तरी आठव्या दिवशी दादाला फोन करून पैसे मागवावे लागले, कारण तारखा कुणी मांडल्याच नव्हत्या.

माझं कॉलेज मध्य मुंबईत, तीनशेच्या आत विद्यार्थी, आणि बाहेरगावच्या सगळ्यांनी आवारातच राहायचं. अशा ठिकाणी प्रवेशाच्या दिवशीच सत्राची फी, भाड्याचा पहिला हप्ता, हॉस्टेलची अनामत, लायब्ररीची अनामत आणि मेसचा दोन महिन्यांचा ॲडव्हान्स भरावा लागतो. अनामत परत मिळते म्हणून आम्ही ती खर्चात धरलीच नव्हती. मिळते परत, पण कोर्स संपल्यावर. त्यात प्रवेश होतात जुलै-ऑगस्टमध्ये. आमच्याकडे तेव्हा घरातला पैसा बी-बियाण्यात आणि खतात गेलेला असतो आणि सोयाबीन बाजारात जायला दिवाळी उजाडते. शेतकऱ्याच्या घरातून येणाऱ्यांनी ऑफिसात पहिला प्रश्न हाच विचारावा की हप्ते पाडून मिळतात का. विचारायला लाज वाटते खरी. मी विचारलं नाही आणि दादाने उसने आणले. माझ्या रूममेटने एक साधा अर्ज दिला आणि तिला ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली.

शिष्यवृत्तीवर भरवसा ठेवा, पण तिच्या तारखेवर ठेवू नका. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फॉर्म भरायचा तो प्रवेश झाल्यावर. मग कॉलेजची छाननी, मग विभागाची, मग पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मला पहिल्या वर्षाचा भत्ता मिळाला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. तहसीलचा दाखला आणि बँक-आधार जोडणी गावाहून निघण्याआधीच उरकून घ्या, मुंबईत बसून ही कामं करणं जड जातं. मुलींसाठी 2024-25 पासून आणखी एक सोय आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. गावात मात्र याचा अर्थ ‘मुलींना सगळं फुकट’ असा लावतात. हॉस्टेल आणि मेस त्यात येत नाही, आणि निवासी कॉलेजात मोठा खर्च नेमका तोच असतो.

अंदाज बांधायला एक सरकारी माप सांगते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत मुंबईकरिता वर्षाला 60,000 रुपये धरलेत: भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. निर्वाहाचे महिन्याला साडेसहाशेच्या आसपास पडतात. साबण, रिचार्ज, झेरॉक्स, सॅनिटरी पॅड, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून बाहेरचं खाणं, एवढं त्यात बसवून दाखवणारीला माझा नमस्कार.

आता मेस, कारण छोट्या हॉस्टेलची खरी गोम तिथे आहे. आमची मेस मुलींचीच कमिटी चालवायची. स्वयंपाकाचा महाराज आणि दोन मावशी यांचा पगार ठरलेला. मुली साठ असोत की तीस, तो तेवढाच. समजा पगार वगैरे धरून महिन्याचा ठरीव खर्च 60,000 आहे. साठ जणी असताना डोक्यावर 1,000 येतात. परीक्षेनंतर तीसच उरल्या की तेच 2,000 होतात, वर किराणा-भाजी वेगळी. मोठ्या हॉस्टेलात हा धक्का जाणवत नाही. म्हणून मेसचं ‘सरासरी बिल’ विचारून भागत नाही, डिसेंबरचं आणि एप्रिलचं बिल विचारा.

खाड्याचे, म्हणजे मेसमध्ये न जेवलेल्या दिवसांचे, नियमही पहिल्याच दिवशी वाचून घ्या. आमच्याकडे सलग तीन दिवसांचा खाडा असेल तरच धरायचे, तोही आदल्या संध्याकाळी वहीत लिहिलेला असेल तर. शिवाय खाड्याने फक्त किराण्याचे पैसे वाचायचे, पगारातला वाटा भरावाच लागायचा. मी पहिल्या सहा महिन्यांत दोन-दोन दिवस मावशीकडे घाटकोपरला जायचे. एकही खाडा धरला गेला नाही आणि कमिटीतल्या ताईशी मी उगाचच भांडले. पुढच्या वर्षी मीच कमिटीत गेले, तेव्हा कळलं ती का ऐकत नव्हती.

याच मेसमुळे कर्ज काढतानाही अडकलो. शैक्षणिक कर्जात हॉस्टेल आणि जेवणाचा खर्च धरता येतो, 4 लाखांपर्यंत तारणही मागत नाहीत. पण बँकेला कॉलेजच्या लेटरहेडवरचा तपशील हवा असतो. आमच्या मेसची पावती कमिटीची, साध्या पावतीपुस्तकातली. मॅनेजरांनी ती बाजूला सरकवली. कर्ज मंजूर होण्याआधीच ऑफिसकडून ‘मेस, अंदाजे वार्षिक’ अशी ओळ पत्रात लिहून घेतली असती, तर तो खर्च कर्जात बसला असता.

दिवाळीत आणि मे महिन्यात आमचं हॉस्टेल पूर्ण बंद व्हायचं. सात-आठ मुलींसाठी मेस आणि वॉचमन ठेवणं छोट्या कॉलेजला परवडत नाही. घरी जायला विद्यार्थ्यांना रेल्वेच्या स्लीपरमध्ये 50 टक्के सवलत आहे. कॉलेजकडून फॉर्म घेऊन खिडकीवर तिकीट काढायचं. पण तत्काळला ती चालत नाही, आणि परीक्षेचं वेळापत्रक आमच्याकडे लागायचं तोवर लातूर एक्स्प्रेस फुल्ल झालेली असायची. म्हणून तारखा नक्की नसल्या तरी मी दोन महिने आधीच अंदाजाने तिकीट काढायला लागले. रद्द करायला लागले तर थोडेच पैसे जातात. मे महिन्यात इंटर्नशिप असेल तर राहण्याचा खर्च आणखी वेगळा. पीजीवाले महिन्या-दीड महिन्यासाठीही डिपॉझिट मागतात. मला मावशी होती म्हणून निभावलं.

सामानाचं थोडक्यात. बादली, मग, हँगर, दोरी घरून आणू नका, दादरला स्टेशनबाहेर सगळं मिळतं. गादीही आणू नका, आधी कॉटचं माप घ्या. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि पत्र्याच्या ट्रंकेत बुरशी धरते, तेव्हा जीन्सपेक्षा सुती कपडे जास्त आणा. लोकलच्या विद्यार्थी पासवर भिस्त ठेवू नका. तो घर ते कॉलेज असा मिळतो, आणि आवारात राहणाऱ्यांचं घर आणि कॉलेज एकच.

शेवटची गोष्ट अनामतीची. खोली ताब्यात घेताना तुटलेला हूक, फुटलेली काच, सगळ्याचे फोटो काढून वॉर्डन मॅडमना त्याच दिवशी पाठवा, नाहीतर तीन वर्षांनी ते तुमच्या नावावर लागतं. माझे कपाटाच्या किल्लीचे दोनशे कापले, ते माझेच होते. पण बाकीच्या पैशासाठी मूळ पावती मागितली. मी ती पहिल्या वर्षीच घरी दिली होती आणि अण्णांनी वहीत खळीने चिकटवून ठेवली होती. सुटेना म्हणून त्यांनी अख्खं पान फाडून स्पीड पोस्टने पाठवलं. ऑफिसातल्या काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मागच्या बाजूला त्या वर्षीच्या सोयाबीनच्या पिशव्यांचा हिशेब होता. त्यांनी पावतीवर शिक्का मारला आणि पान तसंच फाइलला लावलं.