ट्रॅमाडोल, कोडीन सोडवायचंय? आधी मेंदूत काय चालतं ते समजून घ्या

ट्रॅमाडोल आणि कोडीन ही अफूच्या जातीची, म्हणजे ओपिऑइड औषधं. त्यांची गोळी सुटावी म्हणून माणसाला खोलीत कोंडायच्या आधी हे वाचा.

मेंदूतल्या पेशींवर ‘म्यू’ नावाचे ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे औषध चिकटायच्या जागा, असतात. शरीरातच तयार होणाऱ्या, वेदना कमी करणाऱ्या एंडॉर्फिनसाठी ती जागा आहे. मॉर्फिन, हेरॉइन, ट्रॅमाडोल तिथेच बसतात. कोडीनचं यकृतात थोडं मॉर्फिन होतं, तेही तिथेच पोचतं. ऊसतोडीत धरलेली कंबर ट्रॅमाडोलने सैल पडते ती बऱ्याच अंशी यामुळे. पण डोपामाइन या मेंदूतल्या हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाला लगाम घालणाऱ्या पेशींवरही हे रिसेप्टर असतात. त्या गप्प झाल्या की डोपामाइन वाढतं आणि ‘हे पुन्हा पाहिजे’ ही नोंद मेंदूत पक्की होते.

रोजच्या माऱ्याने रिसेप्टर दाद देईनासे होतात, मग एका गोळीच्या चार होतात. दबलेल्या पेशीही आतून जोर वाढवून बसतात. औषध थांबलं की तो जोर एकदम बाहेर येतो: जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, पोटात कळ, जुलाब, रात्रभर जाग. बहुतेक औषधांत हे 8 ते 24 तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फार वाढतं, साधारण 7 ते 10 दिवसांत ओसरतं. हे नाटक नसतं. माणूस खरोखर सोसत असतो, त्याला बोल लावू नका.

आपल्याकडे ‘बटन’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांचे रिसेप्टर वेगळे. त्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. त्या किंवा दारू ट्रॅमाडोलसोबत गेली तर श्वास मंदावतो. म्हणून डॉक्टरांना सगळ्या रिकाम्या पट्ट्या दाखवा, काही लपवू नका.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग गाठा. फोनवर सल्ल्यासाठी 14446. मानसोपचार विभागात ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मिळू शकतं. ते त्याच म्यू रिसेप्टरवर घट्ट बसतं, पण अर्धवटच चालू करतं, त्यामुळे तलफ शमते आणि श्वासाचा धोका कमी राहतो. पहिला डोस त्रास सुरू झाल्यावरच घ्यायचा. आधी घेतला तर ते जुन्या औषधाला हुसकावतं आणि तासाभरात हाल सुरू होतात. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्या; गिळली तर बरीचशी वाया जाते.

सगळ्यात घातकी वेळ त्रास संपल्यानंतरची. चार-आठ दिवसांत सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुनाच डोस घेतला तर मेंदूतलं श्वासाचं केंद्र थंडावतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे, श्वास मिनिटाला दहाच्या आत, हाक मारून उठत नाही, असं दिसलं की 108 लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. मिठाचं पाणी, ताक काही पाजू नका. दवाखान्यात नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने शुद्ध आली तरी लगेच घरी आणू नका. त्याचा असर 30 ते 90 मिनिटांचा, आणि पोटातली गोळी त्याहून जास्त टिकते.