माध्यमात शिरायचंय? मग साखरवाल्यांच्या परिषदेला जा

दिवाळी संपली की मला मेसेज यायला लागतात. "मॅडम, पिफला व्हॉलंटिअर म्हणून लावता का?" लावणं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी लावलं नसतं. पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चांगलाच आहे. २००२ पासून चालू आहे, तुम्हीही सिनेमे बघायला जरूर जा. पण माध्यमाचं काम शिकायला तिथे कशाला? एकेका कामामागे इतकी मुलं असतात की बहुतेकांच्या वाट्याला पास तपासणं आणि खुर्च्या दाखवणं येतं.

मी परिषदांचे माध्यमकक्ष चालवते. त्याआधी एका दैनिकात उपसंपादक होते. माध्यमकक्ष म्हणजे हॉलमागची खोली. तिथे एसी नको इतका गार असतो आणि प्लग पॉइंट नेमका एकच. त्या खोलीत बसून परिषदेतल्या बातम्या, फोटो, व्हिडिओ त्याच दिवशी बाहेर काढायचे. हाताखाली कायम दोन-तीन नवी मुलं असतात. त्यांच्यातल्या ज्यांचं पुढे बरं चाललंय, ती बहुतेक ऊस, पंप, द्राक्षं, गिअर असल्या रुक्ष वाटणाऱ्या परिषदांमध्ये तयार झाली. अशा परिषदेला दैनिकाचा बातमीदार उद्घाटनाला येतो, मंत्र्यांचं भाषण ऐकतो, प्रेस नोट घेतो आणि साडेअकराला निघतो. त्याला दिवसभरात आणखी दोन कार्यक्रम उरकायचे असतात, त्याला दोष नाही. पण कामाचं बोलणं जेवणानंतर सुरू होतं आणि तेव्हा ते ऐकायला माध्यमातलं कोणीही नसतं. ती रिकामी खुर्ची तुम्ही पकडायची.

पुण्यात अशा खुर्च्यांना तोटा नाही. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, द्राक्ष संशोधन केंद्रही तिथेच आहे. वाहनांवर संशोधन आणि चाचण्या करणारी एआरएआय 'सियाट' ही वाहन तंत्रज्ञानाची परिषद भरवते, तिथे गाड्या बनवणारे अभियंते येतात. मोशीच्या प्रदर्शन केंद्रात डिसेंबरात 'किसान' हे शेतीचं प्रदर्शन असतं. चिंचवडचं ऑटो क्लस्टर, बाणेर रस्त्यावरची यशदा (सरकारी अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था), सेनापती बापट रस्त्यावरचं मराठा चेंबर (उद्योजकांची संघटना), इथेही काही ना काही चालू असतंच. संस्थांच्या वेबसाइट उघडा आणि कार्यक्रमांचं पान बघा. जिथले फोटो तीन वर्षांपूर्वीचे आहेत, तिथे आधी संपर्क करा. त्यांना तुमची गरज आहे, फक्त अजून कळलेलं नाही.

विचारायचं कसं

"संधी द्यावी ही विनंती" असं लिहू नका. असा मेल वाचणाऱ्याला पुढे विचार करावा लागतो की या मुलाला नेमकं कुठे बसवू, आणि विचार करायला त्याला वेळ नसतो. तुम्ही काय आणून द्याल, ते सांगा. मेल अध्यक्षांना नको, सचिवांना किंवा कार्यालयात जे कोणी फोन उचलतात त्यांना पाठवा. परिषद महिनाभरावर असताना पाठवा. शेवटच्या पंधरवड्यात सगळी समिती केटरर आणि पाहुण्यांच्या विमानाच्या तिकिटांत बुडालेली असते. मी मुलांना साधारण असा मजकूर देते:

"नमस्कार. मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या परिषदेच्या दोन्ही दिवशी मी आणि माझी मैत्रीण पूर्णवेळ येऊ शकतो. रोज संध्याकाळी सहापर्यंत तीन सत्रांच्या मराठी बातम्या, फोटोओळींसह दहा फोटो आणि एक मिनिटाचा एक व्हिडिओ देऊ. प्रत्येक मजकूर आपण सांगाल त्यांना दाखवूनच पुढे जाईल. येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण मिळावं, एवढी अपेक्षा आहे. कामाचा नमुना सोबत जोडला आहे. गुरुवारी अकरानंतर फोन करू का?"

आणि गुरुवारी अकरानंतर खरोखर फोन करा.

नमुना म्हणून कॉलेजच्या गॅदरिंगची रील चालणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून दर उन्हाळ्यात होते. एका संध्याकाळी जाऊन बसा, व्याख्यान संपल्यावर तासाभरात तीनशे शब्दांची बातमी लिहा. मे महिना लांब असेल तर नवी पेठेतल्या पत्रकार भवनात किंवा एस. एम. जोशी सभागृहात जे असेल ते ऐका. अशा तीन बातम्या जमल्या की नमुना तयार. पत्रकारितेला प्रवेश घेतलेला नसला तरी अडत नाही. माझ्याकडे बी.कॉम.ची मुलंही येतात आणि आकड्यांच्या बाबतीत ती सरस ठरतात.

आदल्या आठवड्यात

कार्यक्रमपत्रिका मागून घ्या आणि वक्त्यांची नावं देवनागरीत लिहून ठेवा. इंग्रजी पत्रिकेतल्या स्पेलिंगवरून काळे की काले, काणे की काने, हे कळायचं नाही. आयोजकांच्या कार्यालयात फोन करून विचारलेलं बरं. नाव चुकलेली बातमी माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो, बरोबर छापलेली महिनाभर.

खरेदीला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा. चार-पाच मीटरचं एक्स्टेन्शन बोर्ड, साउंडच्या कन्सोलमधून आवाज घ्यायची केबल आणि फोनला किंवा रेकॉर्डरला लागणारं कनेक्टर एवढं घ्या. दुकानदाराला "कन्सोलच्या आउटमधून फोनमध्ये रेकॉर्ड करायचंय" असं सांगितलं की तो नेमकं काढून देतो. कॅमेरा नसेल तर नवा घेऊ नका. मध्यम किमतीचा फोन आणि एक कॉलर माइक पुरतो.

त्या दिवशी

सत्र दहाला असेल तर तुम्ही आठला हॉलमध्ये असा. लवकर पोचायचं ते साउंडवाल्या दादासाठी. पाहुणे आले की त्याला मान वर करायला फुरसत नसते. आठ वाजता तो चहा पीत तारा जोडत असतो, तेव्हा बोलायला मोकळा असतो. त्याच्याकडे आधी चहाचा दुसरा कप न्या, मग एक लाइन मागा. कन्सोलमधून थेट आलेला आवाज आणि स्पीकरसमोर धरलेल्या फोनचा आवाज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकदा टेस्ट करून हेडफोनवर ऐका. रेकॉर्डिंगची पातळी सगळ्यात मोठ्या आवाजालाही उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा, कारण दुसरा वक्ता पहिल्यापेक्षा हमखास मोठ्याने बोलतो. शिवाय दुसरा फोन स्पीकरजवळ नुसता रेकॉर्डिंगला ठेवून द्या. कन्सोलची लाइन जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी काढतं आणि परत लावायला विसरतं.

व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/६० वर बऱ्याच हॉलच्या दिव्यांत पट्टे फिरताना दिसतात. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर शटर थोडं पुढेमागे करून बघा. तेही उद्घाटनाच्या आधी करा, उद्घाटन चालू असताना नको.

दीपप्रज्वलनाचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि सगळ्यांचा तोच बिघडतो. समईसमोर सरळ उभं राहिलं की पाहुण्यांच्या पाठी किंवा फुलांची आरास तेवढी मिळते. स्टेजच्या उजव्या-डाव्या कोपऱ्यात, समईच्या थोडं मागच्या बाजूला जागा धरा. वात पेटवताना माणूस वाकतो, त्या क्षणी चेहरा अंधारात जातो. पेटवून सरळ होताना, मेणबत्ती दुसऱ्याच्या हातात देताना जो अर्धा सेकंद मिळतो, तो टिपा. आणि लगेच, शाल-श्रीफळ सुरू व्हायच्या आत, "डावीकडून" सुरू करून सगळी नावं वहीत लिहा. संध्याकाळी फोटो बघून नावं आठवत बसलात की दोन सफारी सूट एकसारखेच दिसतात.

उद्घाटनाची बातमी चार वाक्यांत उरकायची. ती कोणीही देईल, प्रेस नोटमध्ये असतेच. दिवसाचा जीव आहे तो आकड्यांत, म्हणून तिथे थांबा. साखरेचंच उदाहरण घ्या. एफआरपी म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला उसासाठी द्यायचा किमान दर, आणि उतारा म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचं प्रमाण. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. स्लाइडवर ३५५ दिसतात. वक्ता मात्र आपल्याकडच्या सवयीप्रमाणे टनात बोलतो आणि "साडेतीन हजारांच्या वर" म्हणतो, म्हणजे ३,५५०. तेवढ्यात मागच्या रांगेतला शेतकरी उठतो आणि म्हणतो, आमच्या हातात एवढे पडतच नाहीत. त्याचंही खरं असतं. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा होतो. तिघंही बरोबर बोललेत आणि नवशिक्याच्या वहीत येतं, "टनाला ३५५ रुपये". माझ्याकडे एका मुलीने हा गोंधळ छापून जायच्या आधी पकडला, कारण तिच्या घरी ऊस होता. तुमच्या घरी नसेल तर वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा: टन की क्विंटल, लिटर की किलो, यंदाचं की गेल्या हंगामाचं. एकक ऐकू आलं नसेल तर सत्र संपल्यावर वक्त्याला गाठा. "सर, ते टनाला ना?" एवढं विचारणाऱ्याला कोणी हाकलत नाही. उलट तुमचा चेहरा लक्षात राहतो.

आणि मग पुढचा प्रश्न सुचतो. त्याच हंगामाच्या दरात उतारा १०.२५ च्या वर ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये जास्त धरलेत, हे तुम्हाला ठाऊक असेल तर चहाच्या रांगेत भेटलेल्या कारखान्याच्या चीफ केमिस्टला "परिषदेबद्दल काय सांगाल?" असं विचारायची वेळ येत नाही. त्या प्रश्नाला तो भाषणच देणार. "तुमच्याकडे यंदा उतारा किती आला आणि कमी-जास्त कशामुळे झाला?" असं विचारा. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून तो बोलायला लागेल.

बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, घेताना आधी नाव, हुद्दा आणि गाव कॅमेऱ्यावरच म्हणून घ्या. माणसाला भिंतीला चिकटवून उभं करू नका. स्टॉलची वर्दळ मागे लांब दिसली पाहिजे, पण जनरेटर जवळ नको. एका बाईटला दीड मिनिट पुरे. त्यानंतर त्याच माणसाचे हात, त्याच्या स्टॉलवरचं यंत्र, वाचणारा कोणी, असे दहा-दहा सेकंदांचे चार-पाच शॉट घ्या. नाहीतर एडिटिंगला बसल्यावर बाईटमधले कट झाकायला काही नसतं.

जेवणाच्या सुट्टीत आधी मेमरी कार्ड रिकामं करा, मग जेवा. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फाइलच्या नावात तारीख, सत्र आणि आडनाव असू दे.

पैसे, हक्क आणि घरी जाणं

पहिली परिषद प्रवासखर्च आणि जेवणावर केलीत तर ठीक. दुसरीला मानधन मागा. ज्या हॉलमध्ये मांडववाल्यापासून हार विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांना पैसे मिळतात, तिथे तुम्ही एकट्यानेच अनुभवावर पोट का भरायचं? किती मागायचे ते कळत नसेल तर आधी तिथे काम केलेल्या कोणाला विचारा, आणि ठरलेला आकडा मेलवर लिहून घ्या.

त्याच मेलमध्ये आणखी एक ओळ घाला, की केलेलं काम तुम्ही नमुना म्हणून दाखवू शकता. तोंडी "हो हो" पुरत नाही. काही सत्रांत कंपन्यांच्या स्लाइडचे फोटो घ्यायला मनाई असते, तेव्हा कॅमेरा खाली ठेवा. कोणी "हे छापू नका" म्हणून काही सांगायला लागलं, तर ऐकण्याआधी ठरवा की ते पाळणार का.

रात्रीच्या जेवणाचं निमंत्रण असतंच. ओळखी होतात, जा. पण मोशीहून रात्री दहाला कोथरूडला परतायचं म्हणजे काय, हे नकाशावर आधीच बघून ठेवा. परतीची सोय आयोजकांकडून सकाळीच ठरवून घ्या. मुली असोत की मुलं, माझ्या टीमचा हा नियम आहे. ग्लास निघाले की आपलं काम संपलं, असं समजून निघायचं.

नंतर

प्रमाणपत्र देतात, घ्या. मी आजवर नोकरीला घेताना कोणाचं प्रमाणपत्र उघडून पाहिलेलं नाही. मी बघते ती तीन कामं: एक बातमी, एक फोटो, एक मिनिटाचा व्हिडिओ. मुलगा दहा लिंका पाठवतो तेव्हा मला कळतं की त्यातल्या चांगल्या कोणत्या, हे त्याला ठरवता आलं नाही.

नमुन्याखाली एक गोष्ट स्पष्ट लिहा: "हे काम आयोजकांसाठी केलं होतं." तुम्ही त्यांचं जेवण जेवलात, मजकूर त्यांना दाखवलात, तेव्हा ती स्वतंत्र पत्रकारिता होत नाही. कोणताही बरा संपादक हे पहिल्या मिनिटात ओळखतो आणि तुम्ही लपवलंत तर पुढचं काही ऐकून घेत नाही. उलट, त्या परिषदेत कानावर आलेल्या एखाद्या विषयावर तुम्ही नंतर स्वतःच्या पैशाने हिंडून, दोन्ही बाजू विचारून बातमी केलीत, तर ती सगळ्यात वर ठेवा. चहाच्या रांगेतल्या केमिस्टचा नंबर त्यासाठीच घेतलेला असतो.

दोन दिवसांत त्या सगळ्या माणसांना त्यांचा फोटो किंवा बाईट पाठवा. सोबत नाव आणि एका ओळीची ओळख, मागणी काही नको. आणि मला किंवा कोणालाही लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या फोनवर उघडते का, ते बघा. परवानगी न दिलेल्या ड्राइव्हच्या लिंका मी आता उघडायच्या सोडून दिल्या आहेत.