हातपॉइंटवर काम करताय? या चुका टाळा

हातपॉइंट म्हणजे हाताच्या लिव्हरने रुळांची वाट बदलायची जागा. लिव्हर पलीकडे पडला की लगेच हिरवी झेंडी. साइडिंगला (माल भरण्या-उतरवण्याच्या बाजूच्या लाइनवर) नव्याने आलेल्या पोरांची ही नेहमीची चूक. स्टेशनात टंग रेल (सरकणारा निमुळता रूळ) आणि स्टॉक रेल (तो ज्याला टेकतो तो पक्का रूळ) यांच्यात 5 मिमीचा अडथळा असला तरी मोटरचा पॉइंट लॉक होत नाही, सिग्नलही मिळत नाही. हातपॉइंटवर तसं अडवणारं कुणी नसतं. एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या ठिकाणी पावसाळ्यात ओला चुरा टंगमागे घट्ट बसतो, नाहीतर खडीचा एक तुकडा पुरतो. लिव्हर टेकतो, टंग टेकत नाही. फटीत चाकाची कड शिरली की वॅगन खाली.

मी लिव्हर टाकून टंगच्या टोकापाशी चालत जातो आणि वाकून बघतो. एक बाजू चिकटलेली हवी, दुसरी पुरती उघडी. फेसिंग पॉइंट असेल, म्हणजे गाडी टंगच्या टोकाकडून येणार असेल, तर टंग आवळून धरणारा क्लॅम्प, कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. "मामा, दर वेळी कशाला वाकायचं?" असं विचारणाऱ्याला मी झेंडी हातात देत नाही.

दुसरी चूक याहून वाईट. जिल्ह्यातल्याच एका साइडिंगला ट्रेलिंग बाजूने, म्हणजे टंगच्या मागून टोकाकडे, वॅगन बाहेर काढत होते, पॉइंट भलत्याच लाइनला लागलेला. चाकांनी टंग रेटली, कडाडकन आवाज आला, दोन वॅगन पार झाल्या. तिथेच थांबले असते तर वाकलेल्या बारवर निभावलं असतं. पण कुणीतरी घाबरून ओरडलं, "मागे घे!" मागे येताना तोच पॉइंट फेसिंग झाला, टंग अर्धवट उघडी. वॅगनची एक बोगी (चाकांचा सांगाडा) एका लाइनला, दुसरी शेजारच्या. मग क्रेन, आणि दिवसभर साइडिंग बंद. चाकांनी रेटून पॉइंट असा फुटला तर आधी थांबा. हलवायचंच असेल तर पुढे, आणि सगळी चाकं पार होईपर्यंत. तपासणी होऊन क्लॅम्प लागेपर्यंत मागे एक फूटही नाही.

इंटरलॉकिंग (पॉइंट नीट लागल्याशिवाय सिग्नल न देणारी जोडणी) नसलेल्या फेसिंग पॉइंटवर ताशी 15 किमीची मर्यादा आहे. रेक (वॅगनची अख्खी रांग) रिकामा असला म्हणून ती वाढत नाही.

चालत्या वॅगनखाली पॉइंट फिरवू नका. टंगच्या फटीत पाय घालू नका, बुटाने खडा उडवायलाही नाही. त्यासाठी काठी ठेवा.

वॅगन फाउलिंग मार्कच्या (ज्यापुढे उभी गाडी शेजारच्या लाइनला आडवी येते त्या खुणेच्या) आत उभी आहे का, हे लांबून ठरवू नका. ती जागेवर आली की हँडब्रेक आवळा, चाकाला स्किड (लोखंडी अडकण) लावा, मग इंजिन सोडवा. चहाची वेळ झाली म्हणून हा क्रम उलटा करणारे मी खूप पाहिलेत.