‘सिक्स एमपी’ आणि मेथोट्रेक्सेट घरी देताना या चुका टाळा

ए. एल. एल. या प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरची मुलं उपचारांच्या शेवटच्या टप्प्यात गोळ्यांची पिशवी घेऊन घरी जातात. पुढची दीड-दोन वर्षं कीमो आईबापांच्याच हातात असते. मर्कॅप्टोप्युरीन, म्हणजे आमची ‘सिक्स एमपी’, रोज रात्री. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच.

हे ‘एकदाच’ निसटतं. सहा वर्षांचा एक मुलगा गावी आजीजवळ होता. आजीला वाचता येत नव्हतं. दोन्ही गोळ्या लहान, पिवळसर आणि दुकानदाराने दोन्ही पाकिटांवर ‘रात्री १’ एवढंच लिहिलेलं. आठ दिवस रोज मेथोट्रेक्सेट गेली. आमच्याकडे आणला तेव्हा ओठ सोललेले, लाळसुद्धा गिळवत नव्हती, पांढऱ्या पेशी तळाला. फोलिनिक अ‍ॅसिड (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा), सलाइन, अँटिबायोटिक करत तीन आठवडे काढले, तेव्हा पोरगं वाचलं. आजी म्हणत होती, “मी तर एक दिवस चुकू दिला नाही गं.” ते अजून कानात आहे.

तेव्हापासून मी मेथोट्रेक्सेट वेगळ्या डबीत ठेवायला लावते. डबीला लाल दोरा, आणि कॅलेंडरवर ठरलेल्या वाराला दर आठवड्याला लाल टिकली. गोळी देणाऱ्या माणसाकडून मी वार तोंडी वदवून घेते. घाईत “हो हो, कळलं” म्हणणाऱ्यांना तर पुन्हा बसवते.

दुसरी चूक, पोर खेळायला लागलं, केस आले की सिक्स एमपीत खाडा. “दोन दिवसांनी काय होतंय?” होतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात शंभरातल्या पाचाहून जास्त गोळ्या चुकलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका अडीचपटीहून जास्त दिसला. दूध चालेल का, जेवणाआधी की नंतर, यावर पालक तासभर विचारतात. त्यापेक्षा रोजची गोळी सांभाळा.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, बघून स्वतः गोळी अर्धी करू नका. काही मुलांना जन्मतःच सिक्स एमपी कमी झेपते, पण डोस डॉक्टरच ठरवतात.

उलटी झाली तर आधी फोन, परस्पर दुसरी गोळी नाही.

गोळीचे तुकडे गरोदर बाईने करू नयेत. बाकीच्यांनीही हातमोजे घालावेत.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी निघा.