फळमाश्यांच्या अन्नकपातीचा प्रयोग: सुरू करण्याआधी

कमी खाल्ल्याने आयुष्य वाढतं का, हे आपल्या किनारपट्टीवरच्या कॉलेजात पाहायचं असेल तर उंदरांच्या वाटेला जाऊ नका. क्लाइव्ह मॅके यांनी कॉर्नेल विद्यापीठात ते उंदरांवर केलं आणि 1935 साली छापलं, पण त्याला वर्षं लागतात, नैतिकता समितीची परवानगीही लागते. फळमाशीचं आयुष्य 25 अंशांना दोन-तीन महिन्यांत संपतं.

पावसाळ्यात हात घालू नका, दमट हवेत माश्यांच्या नळ्यांना बुरशी धरते. दिवाळीनंतर सुरू केलंत तर शिमग्याआधी मोजणी उरकेल. मुंग्या मात्र बारमाही, म्हणून फडताळाला करतो तसं रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. थंडाव्यात माशी जास्त जगते, तेव्हा भरपेट आणि कपातीच्या, दोन्ही गटांच्या नळ्या एकाच कप्प्यात मिसळून ठेवा आणि वीज गेली की तापमान टिपून घ्या.

परसातल्या फणसावरच्या माश्या पकडू नका. त्यांची जात आणि वय कोण सांगणार? संशोधन संस्थेतून वाण मागवा, एकाच दिवशी कोशातून निघालेल्या माद्या वेगळ्या काढा.

अन्नात गूळ नको, दर ढेपेला तो बदलतो. एक लिटरला आगर (अन्न घट्ट करणारी पूड) 15 ग्रॅम, साखर 50 ग्रॅम. यीस्ट भरपेट गटाला 200 ग्रॅम, कपातीच्या गटाला 100. यीस्टच कापायचं, कारण माश्यांत उष्मांकांपेक्षा प्रथिनांची कपात जास्त परिणाम करते. मात्र ते फार कमी केलंत तर माश्या उपासमारीने लवकर मरतील. दोन्ही गटांना पाणी वेगळं द्या, नाहीतर तहानेचा परिणाम भुकेच्या नावावर जमा होईल.

सगळ्यात जास्त वेळ भरपेट गटावर घालवा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. ऱ्हीसस माकडांचंच पाहा. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये सांगितलं की 30 टक्के कपातीने वार्धक्याच्या आजारांनी होणारे मृत्यू घटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेला 2012 मध्ये आयुष्यात फरकच दिसला नाही. विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर पुष्कळ होती आणि तुलनेची माकडं हवं तेवढं खात होती; संस्थेत तुलनेच्या माकडांनाही मोजूनच वाढत. तुलना कशाशी केली, यावर उत्तर ठरलं. म्हणून भरपेट म्हणजे नेमकं किती, हे पहिल्या पानावर लिहा.

घरी कुणी उपासाशी संबंध जोडेल. त्यांना सांगा, 2010 च्या एका अभ्यासात उंदरांच्या कित्येक वाणांत 40 टक्के कपातीने आयुष्य उलट घटलं होतं.

नळ्यांवर फक्त क्रमांक टाका. कुठली कुठल्या गटाची, ती वही मोजणाऱ्याच्या हाती देऊ नका. निसटलेली माशी मेलेल्यांत धरायची नाही, तिच्यासाठी वेगळा रकाना आखा. दर दोन-तीन दिवसांनी नवीन अन्नावर हलवायचंय, तेव्हा नाताळच्या सुट्टीत गावी कोण जाणार नाही, हे आत्ताच विचारून ठेवा.