मन पळालं तरी काम सापडलं पाहिजे

कामाला बसल्यावर पाच मिनिटांत गॅस बुक करायचा आठवतो, गॅसवरून भाचीचं बारसं, बारशावरून पाळण्यांच्या किमती, आणि अर्धा तास गेलेला असतो. ज्यांचं मन असं पळतं त्यांना ‘जरा लक्ष देऊन कर’ म्हणून काहीच होत नाही. मन पळणारच असं धरून चाला आणि सगळी मेहनत परत येणं सोपं करण्यावर घाला.

साहित्य फार नाही: खिशात मावणारी एक वही, पोस्टकार्डाएवढा एक कागद, पेन आणि फोनमध्ये नसलेला टायमर. स्वयंपाकघरातला चावी द्यायचा टायमर उत्तम. फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर उलटा ठेवलेला फोन हातात यायला एक सेकंद लागतो, दुसऱ्या खोलीतल्या फोनसाठी उठावं लागतं. तेवढ्यात आपण कुठे निघालोय हे लक्षात येतं.

वही पळालेल्या विचारांसाठी. काम करताना जे आठवेल ते तिथे लिहायचं, पण नुसतं ‘गॅस’ लिहून भागत नाही. ‘गॅस – घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी बुक’ असं लिहा. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं, की अपुरी राहिलेली गोष्ट दुसऱ्या कामात लुडबुडते, पण ती कधी आणि कशी करायची याचा नेमका बेत ठरला की लुडबुड कमी होते. गोष्ट पूर्ण व्हावी लागत नाही. नुसती यादी करूनही डोकं शांत होत नाही अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्या यादीत बहुधा हा ‘कधी’च नसतो.

कागदावर आजची कामं, जास्तीत जास्त तीन. इथेच बहुतेकांचं फसतं, कारण जे लिहिलं जातं ते काम नसतं, कामांचा ढीग असतो. जुलैतलं नेहमीचं उदाहरण घ्या: इन्कम टॅक्सचं ‘रिटर्न भरणे’. हे वाचून हात कुठेच जात नाही. त्याचे तुकडे असे पडतात:

– मेलमध्ये ‘फॉर्म १६’ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) शोधून पीडीएफ डेस्कटॉपवर ठेवणे
– इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून एआयएस (आपल्या वर्षभराच्या उत्पन्नाची खात्याकडची नोंद) उतरवून घेणे
– बँकेचं व्याज एआयएसशी ताडून पाहणे
– फॉर्म भरून सबमिट करणे
– आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करणे

शेवटची ओळ वेगळी लिहाच. सबमिट झालं की मन ‘झालं’ म्हणून मोकळं होतं. पण ३० दिवसांत व्हेरिफाय केलं नाही तर रिटर्न उशिरा भरलेलं ठरू शकतं. भटकणाऱ्या मनाची कामं अशीच शेवटच्या पावलावर अडकतात: मेल लिहिलेला असतो, पाठवलेला नसतो.

आता टायमर. फ्रान्सेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरून बसवलेली पद्धत २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी अशी आहे. पंचवीस झेपत नसतील तर दहा लावा. आकड्याला काही पावित्र्य नाही. घंटा झाल्यावर उठायच्या आधी मात्र एक अर्धी ओळ लिहायचीच: ‘पुढे – एफडीचं व्याज एआयएसमध्ये दोनदा दिसतंय, ते बघ.’ कोणी हाक मारली, बेल वाजली, तरी आधी ही ओळ, मग दार. परत आल्यावर ‘कुठे होतो मी’ यात जी दहा मिनिटं जातात, ती हीच ओळ वाचवते. या लेखातलं एकच काही उचलायचं असेल तर हे उचला.

सुट्टीत पाणी प्या, गॅलरीतले कपडे काढा. रील्स नकोत, त्यांना शेवट नसतो.

चार वाजता मीटिंग आहे म्हणून दोनपासून काहीच सुरू होत नाही, हेही खूप जणांचं होतं. साडेतीनचा गजर लावा आणि वेळ सांभाळायचं काम त्याच्यावर सोपवा. एकट्याने बसवतच नसेल तर कोणाच्या तरी शेजारी बसा. दोघांची कामं वेगळी असली तरी चालतं. अभ्यासिकेत जाऊन अभ्यास होतो तो याचमुळे.

दोन-तीन आठवड्यांनी हे सगळं मोडेल. एक दिवस कागद लिहायचा राहील, मग नवं ॲप शोधावंसं वाटेल. शोधू नका, दुसऱ्या दिवशी नवा कागद घ्या. एखादं काम तीन दिवस पुढे ढकललं गेलं तर चौथ्या दिवशी तसंच उतरवू नका: त्याचा आणखी छोटा तुकडा करा, कोणाला तरी द्या किंवा खोडून टाका.

हे लहानपणापासून, बाराव्या वर्षाच्या आधीपासून असेल, आणि घरी, नोकरीत, सगळीकडेच अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून एडीएचडीची, म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकवणं अवघड जाणाऱ्या विकाराची, तपासणी करून घ्या. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइड यांतही लक्ष असंच उडतं, त्यामुळे इंटरनेटवरच्या चाचणीवर निदान ठरवू नका. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर घेऊन जा. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ असा शेरा वर्षामागून वर्षं दिसला, तर त्यांना त्याचा खरंच उपयोग होतो.